एका राबाचं देणं

मी फ्रेंच शिकवते, पण फ्रेंच बोलणारा एकही देश मी पाहिलेला नाही. पासपोर्ट मोठ्या हौसेने काढला होता. तो कपाटात साड्यांच्या घडीखाली कोराच्या कोरा पडून असतो. कॉलेजातली मुलं विचारतात, "मॅडम, पॅरिस कसं आहे हो?" आणि मी पुस्तकातल्या नकाशावरून त्यांना बिनदिक्कत रस्ते सांगते. लिहावा असा प्रवास माझ्या नावावर एकच आहे, आणि तोही आमच्याच नाशिक जिल्ह्यातला. जुन्या बसस्टँडवर एसटीत बसायचं आणि सुरगाण्याच्या अलीकडे एका फाट्यावर उतरायचं, बस्स. पण माझी सोबतीण मादागास्करची होती, म्हणून मी त्याला परदेशप्रवासच म्हणते. कुणाला हसायचं असेल त्याने खुशाल हसावं.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरीची. शहरातल्या एका संस्थेत बाहेरच्या देशांतल्या वनखात्याच्या माणसांसाठी प्रशिक्षण होतं. गावकरी आपलं जंगल आपणच कसं राखतात, हे त्यांना दाखवायचं होतं. त्यात नोरो आली. वय पस्तिशीच्या आसपास, काटक, कमी बोलणारी. तिला इंग्रजी जेमतेम, फ्रेंच उत्तम. संस्थेतल्या लोकांनी हात टेकले तेव्हा आमच्या प्राचार्यांनी मला पुढे केलं. हॉटेलचं जेवण तिला सोसेना, म्हणून मी तिला सरळ घरीच घेऊन आले.

घरी मी आणि आई अशी दोघीच. आईला स्वच्छतेचं वेड. कप तोंडाला लावून खाली ठेवायचा अवकाश, तो विसळलेला असतो. नोरोला तिन्ही त्रिकाळ भात लागे, त्यावर आई बेहद्द खूश होती. पण पहिल्याच दिवशी दोघींची जुंपली. नोरोने भाताचं पातेलं घेतलं, तळाला लागलेल्या खरवडीवर पाणी ओतलं आणि ते उकळून चहासारखं प्यायला घेतलं. तिच्या देशात जेवणावर हेच पितात.

"अगं, ते करपलेलं आहे!" आई ओरडली. परक्या भाषेतल्या माणसाशी मोठ्याने बोललं की त्याला कळतं, असा आईचा ठाम समज आहे. नोरो हसली आणि कप आईपुढे धरला. आईने नाक मुरडलं. दुसऱ्या दिवसापासून भात उतरला की पातेलं मोरीत आणि आईच्या हातात घासणी. नोरोला बिचारीला ते पाणी मिळेनासंच झालं.

मे महिन्यात आम्ही निघालो. संस्थेची जीप ऐन वेळी बंद पडली, म्हणून एसटीने. दिंडोरीपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या, खरड छाटणीनंतर नव्याने फुटलेल्या. वणी मागे पडल्यावर सप्तशृंगीचा डोंगर बराच वेळ खिडकीत राहिला. नोरो त्याच्याकडे बघत होती. मी विचारलं, "तुझ्याकडे असे डोंगर आहेत?"

"आहेत. पण आमच्या डोंगराला कर्ज लागलं होतं," ती म्हणाली.

मला वाटलं माझ्याच फ्रेंचमध्ये काही चुकतंय. मग तिने समजावून सांगितलं. तिच्या देशावर बाहेरच्या बँकांचं कर्ज होतं, कधी फिटेल अशी आशा नव्हती. बाहेरच्याच एका संस्थेने त्यातला एक हिस्सा स्वस्तात विकत घेतला आणि सरकारला सांगितलं, हे आम्ही माफ करतो, त्याच्या बदल्यात तुमच्या पैशात तुमचं जंगल राखा. सरकारने मान्य केलं. जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या, राखणदार नेमले गेले.

"मग चांगलंच झालं की," मी म्हणाले.

"चांगलंच झालं. आटलेले ओढे वाहायला लागले. सकाळी इंद्री ओरडतात (इंद्री म्हणजे तिकडचा माकडासारखा एक प्राणी). लहानपणी मी त्यांचं फक्त नाव ऐकलं होतं. माझी नोकरीसुद्धा त्यातूनच आली." तिने खिडकीकडून मान वळवली. "पण हद्द आखली तेव्हा आईचं शेत आत गेलं. आम्ही डोंगराचा तुकडा भाजून त्यावर भात पेरायचो. ते बंद झालं. आणि बंदी सांगायला खात्याने गावात मलाच पाठवलं, कारण मी तिथली."

"आई काय म्हणाली?"

"एकच वाक्य. मी कुणाकडून काय घेतलं होतं? त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. घरी गेले की भात वाढते, झोपायला चटई टाकते. बोलत मात्र नाही."

बस बोरगावच्या चढाला लागली होती. मागच्या बाकावर कुणीतरी करवंदांची पाटी चढवली आणि सगळ्या गाडीला आंबटगोड वास सुटला. "मला तिच्या तोंडून एक शब्द हवा आहे," नोरो म्हणाली. "शिवी दिली तरी चालेल." मी करवंदं घेतली आणि पानाचा द्रोण तिच्यापुढे धरला.

फाट्यावर काशिनाथ गावित आम्हाला घ्यायला आला होता. हा गावच्या वनसमितीचा माणूस, हसतमुख आणि बोलका. गाव टेकडीपलीकडे होतं. समितीने कुठला भाग चराईला बंद ठेवलाय, कुठे पाला काढू देतात, हे तो चालता चालता सांगत होता आणि मी धापा टाकत भाषांतर करत होते. टेकडी ओलांडली आणि समोरच्या उतारावर धूर दिसला.

नोरोने खांद्यावरची पिशवी टाकली आणि ती धावत सुटली. मी हाका मारतेय, काशिनाथ हाका मारतोय, पण ऐकतंय कोण! जंगलाच्या कडेला धूर दिसला की धावायचं, हे तिच्या अंगात भिनलेलं. उतारावर एक वाफा जळत होता आणि शेजारी पाण्याचे दोन हंडे होते. तिने एकामागून एक दोन्ही हंडे त्या वाफ्यावर पालथे केले आणि एक फांदी घेऊन उरलेला जाळ बडवायला सुरुवात केली.

झाडामागून एक म्हातारी काठी उगारत आली. "अगं ए बाय! काय केलंस गं हे! माझा राब इझवलास!" आणि मग रिकामे हंडे बघून तिने कपाळावर हात मारला. "आन पाणी! प्यायचं पाणी वतलंस गं माझं!"

ही मोतीबाई, काशिनाथची मावशी. नागलीची (नाचणीची) आणि भाताची रोपं करायची असतात त्या वाफ्यावर शेण, काटक्या, पाला, गवत असे थर लावून वर माती भुरभुरवतात आणि तो हळूहळू भाजतात, त्याला राब म्हणतात. म्हणजे आग वणव्याची नव्हती, पेरणीच्या तयारीची होती. आणि मे महिन्यात सुरगाण्याच्या डोंगरात दोन हंडे पाणी म्हणजे काय, ते विहिरीच्या तळातून वाटीवाटीने भरणाऱ्या बाईलाच ठाऊक.

"मावशी, पाहुणे हायत," काशिनाथ म्हणाला.

"पाहुणे हायत तर घरी यावं, राबात कशाला शिरावं? आन ही कोण? फारेस्टवाली हाय का? आता बाया धाडाया लागले व्हय?"

पुढच्या शिव्यांचं भाषांतर मी केलं नाही, त्या आमच्या अभ्यासक्रमात नव्हत्या. पण नोरोला कळायचं ते कळलं होतं. चिखल झालेल्या राखेत ती मान खाली घालून उभी होती. मग तिने पाकीट काढलं. मोतीबाईने तिच्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही.

"पैशानं काय राब भाजतोय? पोरगा न् सून दिंडोरीकडं द्राक्षाच्या कामाला. मिरीग (मृग नक्षत्र) तोंडावर आलाय. पाला कोन आनील? इझवलास तू, तर पाला तूच आन. पाणी पन तूच आन. आन भाजायचा पन तूच."

मी हे सांगितलं तेव्हा नोरोने लगेच मान हलवली. आमचा एका दिवसाचा मुक्काम तिथेच वाढला.

मोतीबाईच्या घरी उतरलो. जेवायला नागलीची भाकर, उडदाची डाळ आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी होती. मोतीबाई रागावलेलीच होती, पण वाढताना तिने हात आखडला नाही. तिची तक्रार सगळ्यांविरुद्ध होती, भाच्याच्या समितीविरुद्धसुद्धा. "हे राखतात रान, आन मला पाल्यासाठी त्या पल्याडच्या रानात जावं लागतं," ती मला म्हणाली. काशिनाथ हसत होता. "मावशी, बंदीचा ठराव झाला तवा तूच पयला हात वर केला व्हता." "केला व्हता," मोतीबाई म्हणाली, "म्हून काय बोलू नये का?"

हे मी नोरोला सांगितलं आणि तिने हातातला भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला. तिने मला पुन्हा पुन्हा विचारलं. हात वर केला होता? म्हणजे तिला विचारलं होतं? मी काशिनाथला विचारलं. तो म्हणाला, झाडाखाली बैठक झाली, भांडणं लय झाली, मग ठरलं.

सकाळी पाटी डोक्यावर घेऊन आम्ही तिघी निघालो. नोरोने तिच्याकडचा 'लांबा' कपड्यांवरून अंगाभोवती गुंडाळला होता. लांबा म्हणजे त्यांचं रंगीत सुती वस्त्र, आपल्या लुगड्याच्या अर्ध्याएवढं. मी नेहमीची मालेगावच्या मागावरची सुती साडी खोचली होती. पालापाचोळा वेचायचा, पाटीत दाबून भरायचा, उतरून यायचं. मी दुसऱ्याच खेपेला एका दगडावर घसरले आणि सगळी पाटी अंगावर घेतली. मोतीबाई पहिल्यांदाच हसली, तीही मनापासून. नंतर माझ्याकडे फक्त गोवऱ्या आणायचं काम आलं. नोरोचा पाय मात्र त्या उतारावर घरच्यासारखा पडत होता. विहिरीवरून हंडेही तिनेच आणले.

"बघ, तुझ्या देशासारखंच झालं," मी तिला चिडवलं. "देणं पैशाने नाही फिटलं, पाल्याने फिटतंय."

"नाही," ती म्हणाली. "तिथे सौदा झाला तेव्हा आई नव्हती. इथे मी आहे."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर वारा पडलेला होता. मी कालच्याच साडीत होते, नोरो कालच्याच लांब्यात. थर मोतीबाईने स्वतः तपासले, दोन ठिकाणी उकरून पुन्हा लावायला लावले आणि मग जळती काडी नोरोच्या हातात दिली. "हाळूच लाव. भडका नको. नुसती धुमसली पायजे."

नोरो वाकली. धूर आधी पांढरा, मग पिवळसर झाला आणि जमिनीलगत पसरला. आम्ही दोघी मागे सरलो, ती सरली नाही. धुराच्या मध्येच उकिडवी बसली आणि तिने डोळे मिटले. खात्यात गेल्यापासून तिने कितीतरी ठिकाणचे जाळ विझवले होते. हाताने लावलेला लहानपणानंतरचा हा पहिलाच. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. धुराने डोळे चुरचुरतात, हे मला माहीत आहे, पण ती हुंदके देऊन रडत होती.

मोतीबाई माझ्याकडे वळली. "हिची आय हाय का गं?"

मी तिला सगळं सांगितलं. कर्ज, बँका, परदेशातली संस्था, हे सांगताना माझीच त्रेधा उडाली, पण आईचं शेत गेलं आणि ती बोलत नाही एवढं तिला नीट कळलं. मोतीबाई बराच वेळ काठीने राबाची कड सारत राहिली. मग नोरोजवळ जाऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिच्या लांब्याचा पदर नाकाशी धरला. "पोरी, आता तुझ्या आयला तुझा वास वळखू येईल," ती म्हणाली.

याचं भाषांतर मी जमेल तसं केलं. नोरोने डोळे पुसले आणि ते वस्त्र अंगावरून काढून त्याची नीट घडी घातली. बसमध्ये ते तिने मांडीवर धरलं होतं. मला म्हणाली, "हे मी धुणार नाही. असंच नेणार. मला आईशी काही बोलावं लागणार नाही. नुसतं तिच्यापुढे ठेवायचं." इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच घरी जायला उतावीळ झालेली दिसली.

नाशिकला आलो. दुसऱ्या दिवशी आम्ही निरोपासाठी संस्थेत गेलो आणि परतलो तेव्हा गॅलरीतल्या दोरीवर लांबा वाळत होता. स्वच्छ, रंग उजळलेला, कडा ओढून सरळ केलेल्या.

"खुर्चीवर ठेवलेलं दिसलं," आई म्हणाली. "काय धूर बसला होता त्यात! दोनदा भिजवावं लागलं. आता इस्त्री केली की झालं. पाहुणीला असा धुरकट कपडा देऊन परत पाठवायचं? तिची आई काय म्हणेल!"

नोरो गॅलरीत गेली. तिने त्या ओल्या कापडात तोंड खुपसलं आणि तशीच उभी राहिली. मला तिच्यावर ओरडावंसं वाटत होतं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून ओरडवतही नव्हतं. मी खाली बसून तिला हळूहळू सगळं सांगितलं. आईचा चेहरा उतरला. "मेलं माझं वेड," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

मग मला माझ्या पिशवीची आठवण झाली. कपडे वेळेवर धुवायला न टाकण्यावरून मी लहानपणापासून आईची बोलणी खाल्ली आहेत. त्या दिवशी तो दुर्गुण कामी आला. पिशवीच्या तळाशी माझी साडी चुरगळून पडली होती. उघडली तसा राबाचा वास खोलीभर झाला. मी ती नोरोपुढे धरली.

"पण ही तुझी आहे," ती म्हणाली.

"राब तोच आहे. तुझ्या मागेच उभी होते मी." मी साडी तिच्या हातात ठेवली. "थोडा माझाही वास येईल. आईला सांग, नाशिकची एक मास्तरीण सोबत आली आहे. तिला तुमचा देश बघायचा होता."

आम्ही ती साडी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून तोंड दोऱ्याने आवळलं. दुसऱ्या दिवशी नोरो मुंबईला विमान धरायला निघणार होती. सकाळी स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला म्हणून मी धावले. आई गॅससमोर उभी राहून पातेल्यातला भात मुद्दाम तळाला लागू देत होती. मग तिने त्यावर पाणी ओतलं, उकळलं, गाळलं आणि कप नोरोच्या हातात दिला. स्वतःसाठीही घेतलं. दोघी समोरासमोर बसून ते करडं पाणी प्यायल्या. या वेळी आईने आवाज चढवला नाही.

आषाढात एका दुपारी फोन वाजला. खरखर, शिट्ट्या, आणि मग नोरोचा आवाज, खूप लांबचा. ती शहरातून कुठूनतरी बोलत होती, घाईत होती.

"तिने साडी उघडली," नोरो म्हणाली. "तोंडाशी धरली. मग मला विचारलं."

"बोलली? काय विचारलं?"

"पाऊस वेळेवर पडला का त्या राखेवर?"

मला उत्तर माहीत नव्हतं. नाशिकला भुरभुर चालू होती, पण त्या उतारावर काय झालं होतं कोण जाणे. मी "थांब, थांब" म्हणतेय तोवर फोन तुटला.

पुढच्या रविवारी मी एकटीच एसटीत बसले. फाट्यावर न्यायला कुणी नव्हतं. टेकडी ओलांडली तर खालच्या खाचरात माणसं वाकून आवणी (रोपांची लावणी) करत होती. मोतीबाईचा मुलगा आणि सून परतले होते. तिने मला लांबूनच ओळखलं आणि चिखलाच्या हातांनी बोलावलं. राबाच्या जागी रोपं इतकी दाट होती की खालची माती दिसत नव्हती. तिने एक मूठ उपटून माझ्यापुढे धरली.

"सांग तिला, लय झ्याक आली. मिरगालाच पडला."

मी नोरोला पत्र टाकलं, खात्याच्या पत्त्यावर. उत्तर आलं नाही. पुन्हा फोनही आला नाही. तिची बदली झाली असेल, किंवा माझंच अक्षर तिकडच्या पोस्टाला लागलं नसेल. माझा पासपोर्ट अजून कोराच आहे. पण वैशाखात पश्चिमेकडून कधी धुराचा वास आला की मी गॅलरीत जाऊन उभी राहते आणि ज्या डोंगरावर मी कधी गेले नाही त्याची मला आठवण येते. माझी साडी तिथे आहे. त्या घरातली नोरोची आई उत्तराची वाट बघत असेल, असं उगीच वाटत राहतं. तिची भाषा मला येत नाही, म्हणून माझ्याच भाषेत लिहून ठेवते. पडला, आई. वेळेवर पडला.